माळेचा तिसरा दिवस

मी पोचलो तेव्हा देवराव आपल्या काळ्या लुंगीवरच्या मुंग्या एकेक करून वेचत होता आणि बाजूला टाकत होता. लुंगीवर एकही मुंगी नव्हती.

दुपारचे बारा वाजले होते. बेल्याजवळच्या त्या गावात मारुतीच्या देवळाला लागून अय्यप्पाचा मांडव घातला होता. आमच्या आदिलाबादकडे कार्तिक लागला की गावोगाव असे मांडव पडतात. पुरुष माळ घालतात, काळे कपडे, अनवाणी पाय, आणि एक्केचाळीस दिवस दारू-मटण सगळं बंद. माळ घातलेल्याला नावानं हाक मारत नाहीत. सगळे त्याला 'स्वामी' म्हणतात, बायकोसुद्धा. मांडवात जेवणाच्या पानांची मांडणी चालली होती. देवरावच्या समोरही पान होतं, पण त्याचं लक्ष मुंग्यांवर होतं.

मी डॉक्टर नाही. गावातले लोक तसं समजतात, आणि मीही आता दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. मी व्यसनमुक्तीच्या एका संशोधन प्रकल्पात काम करतो. दवाखान्यात दारू सोडवून घरी गेलेल्या माणसाला दर महिन्याला कोणी भेटायला गेलं तर त्याची सुधारणा टिकते का, एवढंच आम्हाला बघायचं असतं. भेटायला जाणारा तो कोणी म्हणजे मी. वय छप्पन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि डिक्कीत फॉर्मचा गठ्ठा असलेली मोटरसायकल.

मला फोन आला होता तो देवरावच्या बायकोचा, सुमनचा. "सर, तुमी या. लवकर या," एवढंच बोलून तिनं ठेवला. आता ती रस्त्याच्या पलीकडे हापशीजवळ उभी होती. तिथून अलीकडे येत नव्हती.

मांडवातून किसन गुरुस्वामी पुढे आले. गुरुस्वामी म्हणजे ज्यानं अय्यप्पाच्या बऱ्याच वर्षांच्या वाऱ्या करून इतरांना माळ घालण्याचा मान मिळवला तो. एरवी यांचं पंक्चरचं दुकान. माणूस सज्जन, बोलणं हळू.

"शरणम सर. काई चिंता करू नका. स्वामीच्या अंगात अय्यप्पा आला हाये."

"कधीपासून?"

"काल संध्याकायपासून. त्याले भजन आयकू येऊन राह्यलं. आमाले येत नाई, त्याले येते. भाग्य लागते सर."

मी देवरावचं मनगट धरलं. नाडी धावत होती. अंग तापलेलं, कपाळावरून घामाच्या धारा, बोटं इतकी कापत होती की मुंग्या असत्या तरी त्याला धरता आल्या नसत्या. असं मी वॉर्डात पाहिलेलं होतं.

याला विथड्रॉवल म्हणतात. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक दाबलेला असला की मेंदू तितकाच जास्त ॲक्सिलरेटर द्यायला शिकतो आणि गाडी कशीबशी सरळ चालते. मग एके दिवशी तुम्ही ब्रेक एकदम सोडता, आणि ॲक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. थोडी पिणाऱ्याला दोन दिवस थरथर होते, झोप उडते, संपलं. खूप पिणाऱ्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेलं दिसायला लागतं, नसलेलं ऐकू येतं. त्याला डिलिरियम म्हणतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस यात मरतो. म्हणून खूप पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू सोडायची नसते, हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो.

देवरावच्या घरी मी ते सांगितलं नव्हतं. उलटंच सांगितलं होतं.

पाच दिवसांपूर्वी, रविवारी, मी त्याच्याकडे फॉलोअपला गेलो होतो. दवाखान्यातून सुट्टी होऊन तीन महिने झालेले, आणि देवरावची दारू पुन्हा सुरू झालेली. त्यात नवल नव्हतं. हा आजार शुगर-बीपीसारखा आहे, पुन्हा वर येतो, पुन्हा उपचार करायचे. मी विचारलं, "रोज किती?" तो म्हणाला, "थोडीशीच सर. एक क्वार्टर." मी लिहिलं, एक क्वार्टर. त्याचं घर त्या दिवसातलं सहावं होतं, ऊन होतं, गुडघा ठणकत होता. तो म्हणाला, "सर, सोडाचं हाये पण जमून नाई राह्यलं." आणि मी फॉर्मवरून मान वर न करता म्हणालो, "कार्तिक आहे. माळ घाला. तेवढे दिवस तरी सुटेल." हे मी मनाचं बोललो नव्हतो, माळेत दारू सोडलेले किती तरी जण पाहिले होते. पण आज खरं सांगतो, पुढच्या महिन्याच्या फॉर्मवर शून्य लिहायला मिळेल, हेही तेव्हा डोक्यात होतं.

बुधवारी त्यानं माळ घातली. आज शुक्रवार.

मी मांडवाच्या बाहेर येऊन आमच्या मॅडमना फोन लावला. मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख, हैदराबादला बसतात, मूळच्या नांदेडच्या. मी थोडक्यात सांगितलं.

"दवाखान्यात हलवा. आत्ता," त्या म्हणाल्या.

"हे लोक सोडत नाहीत. अंगात आलंय म्हणतात."

"वाद घालू नका, समजवा. आणि एक सांगा, तुम्ही पाठवलेला त्याचा फॉर्मच मी बघतेय. रोज एक क्वार्टर लिहिलंय. एवढ्यावर डिलिरियम होतो का?"

"सहसा नाही."

"शेवटच्या रकान्यात घरच्यांकडून खात्री केली, अशी टिक आहे. कोणी सांगितलं एक क्वार्टर?"

"त्यानंच," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी त्याला हलवा."

त्या शेवटच्या रकान्याबद्दल सांगायला हवं. पिणारा माणूस किती पितो ते कमीच सांगतो. खोटेपणा म्हणून नाही, लाजेनं. त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारायचा असा आमचा नियम आहे. रविवारी सुमन दारात उभी होती. तिला बाजूला घ्यायचं म्हणजे नवऱ्याला काहीतरी सांगून बाहेर काढायचं, तिचा संकोच जाईपर्यंत थांबायचं, म्हणजे अर्धा तास जाणार. मी टिक केली आणि निघालो. मी पाट्या टाकल्या. त्या घरी पहिल्यांदाच टाकल्या असंही नाही.

मी रस्ता ओलांडून हापशीपाशी गेलो.

"सुमनताई, इकडे का उभ्या?"

तिनं मान खाली घातली. "मले जमत नाई तिकडं यायले. चार दिस." पाळीच्या दिवसांत बाईची सावलीही स्वामीवर पडू द्यायची नाही, असा माळेचा नियम असतो. नवऱ्याला तिनं दोन दिवस पाहिलं होतं ते एवढ्या अंतरावरून.

"देवराव रोज किती प्यायचे? खरं सांगा."

"सकायी उठल्या उठल्या लागे जी. त्याबिगर हातात कप धरता येत नोता. दिसभरात चार-पाच क्वार्टर. पैसे नसले तं गुडुंबा." गुडुंबा म्हणजे आमच्याकडची हातभट्टीची.

"याआधी कधी असं झालं होतं?"

"झालतं ना. मागच्या साली माह्या भावाच्या लग्नात दोन दिस भेटली नाई तं फिट आलती. तोंडातून फेस आलता."

आधी एकदा फिट येऊन गेलेल्या माणसाला घरी दारू सोडायला सांगणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"हे रविवारी सांगितलं का नाही?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुमी इचारलं कुठं सर? मी तं दारातच होती."

मी मांडवात परत गेलो. गुरुस्वामींना बाजूला घेतलं आणि सुमननं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"दवाखान्यात माळ काढतीन सर. एक्केचाळीस दिसाआधी माळ निंगाली तं दोष लागते. माळ म्या घातली, दोष बी मलेच."

"स्वामी, माळ घालायला त्याला मी सांगितलं. दोष असेल तर मला लागू द्या. पण हा माणूस मरेल."

"मंग बाईनं मले काऊन नाई सांगितलं हे?"

"तिला मांडवापाशी येता येतं का?"

गुरुस्वामी रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि पलीकडे मोठ्यानं विचारलं, "सुमनबाई, स्वामीले पयले कधी फिट आलती का?" सुमनला तिकडून ओरडूनच सांगावं लागलं. रोज किती, कधीपासून, भावाच्या लग्नात काय झालं, सगळं. पंगतीतले दहा-बारा स्वामी ऐकत होते. स्वतःच्या नवऱ्याची दारू अशी भर रस्त्यात मोजून दाखवताना तिचा आवाज फाटत होता. मी तिला अर्धा तास दिला असता तर हे त्यांच्या घरामागच्या वांग्याच्या वाफ्याशी, हळू आवाजात झालं असतं.

गुरुस्वामी देवरावसमोर येऊन बसले. "स्वामी, मी कोण?"

देवरावनं त्यांच्याकडे बघितलं. "दादा, मोटर बंद कर ना. वांग्यात लय पाणी झालं."

देवरावचा दादा वारून चार वर्षं झाली होती.

गुरुस्वामी उठले. "देवाले वांग्याचं काय करा लागते? गाडी काढा रे." मग रस्त्याच्या पलीकडे बघून म्हणाले, "माय, तू बी बस."

"मी?" सुमन जागची हलली नाही.

"तुले समदं ठाऊक हाये. डॉक्टरले कोण सांगन? बस."

मांडवात कुजबुज झाली. गुरुस्वामींनी तिकडे पाहिलं नाही. जीपमध्ये मागच्या सीटवर देवराव मध्ये, एका बाजूला सुमन, एका बाजूला स्वतः गुरुस्वामी; मी पुढे ड्रायव्हरशेजारी. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याचा हात धरला.

जैनथ गाव मागे पडलं आणि देवरावला फिट आली. हातात लोखंड दिलं की फिट थांबते या समजुतीनं ड्रायव्हर गाडीची किल्ली काढून त्याच्या मुठीत द्यायला निघाला. मी ओरडलो, "किल्ली राहू दे, गाडी चालव." सुमननं आणि गुरुस्वामींनी मी सांगितलं तसं त्याला कुशीवर धरून ठेवलं, तोंडात काही घातलं नाही. फिट थांबली, पण आदिलाबाद येईपर्यंत तो शुद्धीवर आला नाही. त्या वेळात मी देवाचं नाव घेतलं. कोणत्या देवाचं ते आठवत नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुमनचं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली, झोपेचं आणि बी-वन व्हिटॅमिनचं. माळेला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "माळेचा मला काय त्रास?" ते म्हणाले. गुरुस्वामी अनवाणी व्हरांड्यात बसून राहिले. चौथ्या दिवशी देवरावनं चहा मागितला आणि कप स्वतः धरला. सुमन तेव्हा रडली. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

महिनाअखेरीला मॅडमनी हैदराबादला बोलावलं.

"न विचारता टिक केलेले असे फॉर्म किती?"

"मॅडम, दिवसाला सहा घरं असतात, त्यात..."

"कारण मला माहीत आहे. सहा घरं मीच ठरवली होती. किती आहेत ते सांगा."

मला आकडा सांगता आला नाही. त्यांनी माझे त्या वर्षाचे सगळे फॉर्म बाद केले. प्रकल्प लांबला. नोकरी गेली नाही, ती गेली असती तर निदान गुडघ्याला आराम मिळाला असता. मी प्रत्येक घरी पुन्हा गेलो आणि दारात, चुलीपाशी, गोठ्यात उभ्या असलेल्या बायकांना एकेक करून विचारलं. बहुतेकींनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

देवरावनं एक्केचाळीस दिवस पुरे केले. संक्रांतीनंतर पुन्हा प्यायला लागला. मी गेलो तेव्हा बाजेवर बसून म्हणाला, "थोडीशीच सर." मी त्याला वॉर्डातली जागा धरून ठेवल्याचं सांगितलं, आणि सुमनला घेऊन वांग्याच्या वाफ्याकडे गेलो.

"दोन क्वार्टर," ती म्हणाली. "पण सकायी नाई घेत आता. दिस बुडाल्यावर."

मी लिहिलं. "अजून काही?"

ती वांग्याच्या झाडाचं एक पिवळं पान खुडत राहिली. "त्या रविवारी तुमी इचारलं असतं तं म्या समदं सांगतलं असतं, सर."

"माहीत आहे," मी म्हणालो.

आता आमचा फॉर्म बदलला आहे. शेवटचा रकाना पहिला केला आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान भरायचं नाही. दिवसाला तीनच घरं होतात. मॅडमची तक्रार नाही.