काहून मेला ते सांगून

"मेला तं मेला, पण काहून मेला ते सांगून मरावं," असं म्हणून दीदी चष्मा कपाळावर सरकवायच्या. नवखा माणूस दचकायचा. दीदी बोलत असायच्या संगणकाच्या प्रोग्रामबद्दल.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, संगणकाच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती. यंत्रांवर नजर ठेवणारे प्रोग्राम दीदी सी या संगणकाच्या भाषेत लिहीत. एखादा अचानक बंद पडला की पडद्यावर त्याला बंद पाडणाऱ्या सिग्नलचा नुसता आकडा यायचा, अर्थ भिंतीवरच्या तक्त्यात पाहायचा. नवा संगणक आला, तक्ता मात्र जुनाच राहिला. एकदा दहा आकडा उमटला. तक्त्यात दहा म्हणजे मेमरीतला बिघाड. साहेबांनी मिल थांबवली. नव्या संगणकावर दहाचा अर्थ वेगळाच होता, बिघाड नव्हताच. बोलणी दीदींनी खाल्ली.

त्यांनी तक्ता फाडला. सीमध्ये पीसिग्नल नावाची सोय आहे: आधी आपण दिलेले शब्द छापते, मग त्या सिग्नलचं वर्णन. दीदींनी ती प्रत्येक प्रोग्राममध्ये बसवली, आणि आपले शब्द म्हणून तो प्रोग्राम काय करत होता ते लिहिलं, घरच्या बोलीत.

"इतना लंबा क्यों, दीदी? नंबर काफी है," साहेब म्हणाले.

"तुमच्या पोट्ट्याच्या रिझल्टवर नुसता रोल नंबर आला तं चालन काय, साहेब?"

गेल्या उन्हाळ्यात भट्टीजवळची केबल तपासायला दीदी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. सूचनाफलकावर एक ओळ लागली: आकस्मिक निधन. पुरानी बस्तीतल्या घरी त्यांचे यजमान मला म्हणाले, "भाऊ, तिले काय झालं, कोणीच सांगून नाही राहिलं." मी साहेबांना विचारलं. "ऊपर से इतना ही आया है." पुन्हा विचारलं. तेच. त्या भट्टीपाशी काय घडलं हे ठाऊक असलेली माणसं रोज माझ्यासमोर डबा उघडतात. मला त्यांच्यासोबत जेवण जात नाही.

परवा एक प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर दीदींची ओळ आली: "पंप किती तापला ते पाहून राहिलो होतो: टर्मिनेटेड".

साहेब खुशीत वाकून वाचत होते. "देखो, किसी ने बंद किया है. साफ लिखा है. ऐसा ही होना चाहिए."

"और दीदी का, सर?"

साहेबांनी पडदा पुसायला फडकं मागितलं.