‘बसा’ नावाची मागणी

“हे गेले हो भाऊजी,” एवढंच वहिनी पाटोद्याहून फोनवर बोलल्या. भास्कर वकील हा माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला जाऊन काही आठवडे झाले, तरी दुःखापेक्षा संतापच जास्त येतो. जिवंतपणी ज्यांनी त्याला हसण्यावारी नेलं, त्यांनीच शोकसभेत गळे काढले. मला शिसारी आली, मी मधूनच उठून आलो.

भास्करच्या डोक्यात एकच किडा होता. लाचेच्या खटल्यात साहेबानं पैसे मागितले हे सिद्ध करावं लागतं. आता आपल्याकडं तोंडानं मागतो कोण? एका ऊसतोड बाईचा खटला तो यावरच हरला. समोरच्या वकिलानं तिला विचारलं, “साहेबांनी पैसे मागितले का?” बाई खरं बोलली. “न्हाई जी. नुसतं बसा म्हणायचे. रोज जायचं, रोज बसा म्हणायचे.” कोर्टात हशा पिकला आणि साहेब सुटला. बाई कोयता घेऊन कारखान्यावर निघून गेली, भास्कर मात्र त्या एका शब्दापाशी अडकला.

पुढं भ्रष्टाचारविरोधी कायद्याचा नवा मसुदा आला आणि नागरिकांनी सूचना द्याव्यात असं आवाहन झालं. भास्कर चौसाळ्यापासून पार उमापूरपर्यंत हिंडला, पारावर लोकांशी बोलला आणि शेवटी एकच कलम घेऊन आला: काम नियमात बसत असूनही माणसाला विनाकारण ताटकळत ठेवलं, तर ती लाचेची मागणीच समजावी. मी म्हटलं, “ताटकळत ठेवणारे तेच, कायदा लिहिणारे तेच. काहून जीव जाळतो बे?” तो म्हणाला, “अरे, इतकी वर्षं न इचारता वरडलो. आता इचारलंय तर सांगू दे की.”

या सूचना ऐकायला बीडला ठेवलेल्या बैठकीला मीही गेलो होतो. भास्कर उभा राहून कलम वाचू लागला, तर दुसऱ्याच वाक्याला व्यासपीठावरचे साहेब हसून म्हणाले, “छान, छान. घेतलं लिहून. बसा आता.” मग फोटो झाले, जेवणं झाली, बासुंदीवर लोक तुटून पडले. अंतिम मसुद्यात त्याच्या कलमाचा मागमूस नव्हता, सहभागी नागरिकांचे आभार तेवढे छापले होते. थू असल्या आभारांवर. भास्कर त्या दिवशी एवढंच म्हणाला, “मलाबी बसवलं की रे...”

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं म्हणून त्याची वकिलीची खोली आवरायला गेलो. दारात चपला काढून एक म्हातारे बाबा आत आले. “वकीलसाहेब हायेत का?” त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. अशी बातमी उभ्या उभ्या कशी सांगावी, म्हणून मी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हटलं, “बसा, बाबा.”

ते बसले नाहीत. त्यांचा हात बंडीच्या आतल्या खिशात गेला, आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “किती द्यावं लागंल, साहेब?”