जमातीनं बसवलेलं बॉनेट

चहा घ्या आधी. हा घोळ दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगून टाकते. दुसरे सांगतात तेव्हा वरून मसाला घालतात, आणि यात मसाला मुळातच इतका आहे की जेवणाऱ्याला ठसका लागावा.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. श्रीवर्धनकडची, चौथी शिकलेली, पण तोंड माझं कॉलेजात जाऊन आलेलं. इथं बहारीनला जिदहफ्सच्या बाजारातला मासळीवाला मला लांबून बघून भाव उतरवून ठेवतो. जे पोटात ते ओठात, समोर कोणी का असेना. अख्ख्या जन्मात एकदाच मी ठरवलं की गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याचा हा किस्सा.

आमचे हे, लतीफ, गॅरेजात डेंटर आहेत. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतात. एकदा बुदैयाकडच्या एका बागेत गेले होते, तिथं खजुराखाली एक जुनी अमेरिकन गाडी मातीत रुतून पडलेली. बागवाला म्हातारा म्हणाला, घेऊन जा, माझी जागा मोकळी कर. फुकटची गाडी कोण सोडतो? ओढून आणली आणि आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली.

काय ती गाडी. बॉनेट एवढं मोठं की त्यावर चौघांची पंगत बसेल.

"चालेल का ही?" मी विचारलं.

"इंशाल्ला."

"ईदला हिच्यातून जायचं आपण?"

"इंशाल्ला."

आता नवरा इंशाल्ला म्हणाला याचा अर्थ काय घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी हो घेतला आणि सगळ्यांना सांगून मोकळी झाले की आमच्याकडे गाडी आलीय.

पण झालं काय, लोकांच्या गाडीला दुरुस्तीत सामान लागत जातं, आमच्या गाडीचं कमी होत चाललं. आधी मागची सीट गेली. मग बंपर गेले. मग चारी मडगार्ड. एके दिवशी खिडकीतून बघते तर एक माणूस आमचं पंगतीचं बॉनेट पिकअपमध्ये घालतोय आणि हे त्याच्याकडून पैसे घेऊन खिशात ठेवतायत. नंतर तर छपराखालची वीतभर पट्टी कापली आणि छप्पर खाली बसवलं. मी म्हटलं, या माणसानं छपराचा तुकडासुद्धा विकला.

त्यात हे घरी लवकर यायला लागले. शुक्रवारी म्हणाले, "थोडे दिवस मटण राहू दे गो, डाळ चांगली असते तुझी." लग्न झाल्यापासून ज्या माणसानं माझ्या डाळीला कधी चांगलं म्हटलं नाही, तो असं बोलला. आणि एकदा फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगताना ऐकलं, "खलास रे, आता काढण्यासारखं काही राहिलं नाही."

मी ओळखलं, यांची नोकरी गेली.

तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं. थांबा. आमच्या वरच्या मजल्यावर रुखसाना राहते. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हा तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, समुद्रावर बाकावर बसायचा, डबा खाऊन घरी यायचा. बायकोला पत्ता नाही. ती बिचारी रोज डब्यात त्याच्या आवडीची भाजी घालतेय. एकदा तिनं तोंडावर विचारलं, तर तो लहान पोरासारखा रडला, आणि पुढं कितीतरी दिवस तिच्याशी नजर मिळवत नव्हता. इथं नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आवरायचं आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सोडायची. आमची सना बारावीला. पुरुषमाणसाची हे सांगायला जीभ उचलत नाही.

म्हणून मी ठरवलं, विचारायचं नाही. माणूस मोडू द्यायचा नाही. आपण कंबर बांधायची.

सना एकदा म्हणाली होती, "मम्मी, पप्पा इज बिल्डिंग अ हॉट..."

मी म्हटलं, "हॉट नको नि कोल्ड नको. अभ्यास कर. बाप कसल्या तापात आहे तुला काय कळतंय."

पोरगी खांदे उडवून आत गेली. माझं पुढं काय झालं ते बघायला ती तिथंच होती, हे लक्षात ठेवा.

आता मी गप्प बसायचं ठरवलं होतं ते नवऱ्याशी. बाकीच्यांशी थोडंच? रुखसानाला सांगितलं. म्हटलं, "कुणाजवळ बोलू नको गो." ती म्हणाली, "माझ्या पोटात राहील भाभी." तिच्या पोटात ते बहुतेक जिना चढेपर्यंत राहिलं.

जमात म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण या बाजूला पुण्याकडच्या ताई बसल्यायत म्हणून सांगते. आमच्या गावची जेवढी माणसं इथं बहारीनमध्ये आहेत, ती सगळी मिळून जमात. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाची नोकरी गेली, जमात उभी राहते. पण पाकीट हातात ठेवत नाहीत, माणसाची मान खाली जाते. काहीतरी निमित्त काढून हात देतात.

आमच्या जमातीचे मोठे कासमचाचा. ते माझ्याकडे आले, हे कामावर गेलेले असताना. म्हणजे मला वाटत होतं, समुद्रावर गेलेले असताना.

"पोरी, तुझ्या हाताला चव आहे," चाचा म्हणाले. "तू डबे कर. लतीफ पोचवील. त्याची गाडी आम्ही उभी करून देतो. त्याला आधी बोलू नको. एकदम समोर ठेवली की नाही म्हणता येणार नाही त्याला."

मी पदर डोळ्याला लावला. खोटं कशाला सांगू, रडले मी.

शुक्रवार उजाडला. हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. म्हणाले, "जुम्याची नमाज झाली की अर्बाबकडे जातो. दुपार कलली, असरची नमाज झाली की येतो. आज काय ते ठरेल."

अर्बाब म्हणजे यांचा गॅरेजचा मालक. मी मनात म्हटलं, चालला बिचारा पाया पडायला. त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि दुवा मागितली.

ते गल्लीतून वळले नाहीत तोवर जमात आली. कुणी भंगारातून बॉनेट आणलेलं, कुणी मडगार्ड, कुणी आपल्या जुन्या व्हॅनची सीट. बुसैतीनचा आमचा एक रंगारी आहे, घरं रंगवतो, त्यानं कंपाउंडच्या भिंतीला लावून उरलेला बिस्किटी रंग आणि रोलर आणला. मी एवढं मोठं पातेलं बिर्याणीचं चढवलं आणि उलथनं हातात घेऊनच मुकादमासारखी उभी राहिले.

त्यात रफीक म्हणून मेकॅनिक. त्यानं इंजिनात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"भाभी," तो म्हणाला, "हे इंजिन तर चांगलं जबरदस्त आहे हो. कार्बोरेटर नवा दिसतो. ज्याची नोकरी गेली तो कशाला..."

"तुला भाभीनं इंजिन वाचायला बोलावलंय की काम करायला?"

"नाही, पण सायलेन्सर मुद्दाम काढल्यासारखा..."

"विकला असेल. तू दुसरा बसव. आणि चांगला जाड बसव, शेजारपाजाऱ्यांना त्रास नको."

रफीकनं पाना उचलला. माझ्यापुढं कोण बोलतो? तेवढं कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं, हे आता म्हणते.

बॉनेट दुसऱ्याच गाडीचं होतं, आखूड पडलं, म्हणून तारेनं ओढून बांधलं. मडगार्ड दोन निळे, दोन लाल, पण वरून बिस्किटी रोलर फिरला आणि सगळे सख्खे भाऊ दिसायला लागले. छपराला तेवढा इलाज नव्हता. आत बसलं की डोकं टेकायचं. चाचा म्हणाले, "डबेच ठेवायचेत ना. डबे कुठं डोकं आपटून घेतात?"

असर झाली आणि गल्लीत मोठी गाडी आली. आतून आमचे हे उतरले. पाठोपाठ अर्बाब उतरले, अंगात पांढराशुभ्र थोब, तो अरबी लांब झगा, आणि त्यांचे दोन दोस्त. सगळे हसत, बोलत. मी म्हटलं, अल्ला, नोकरी परत मिळाली वाटतं, मालक स्वतः सोडायला आला.

हे गाडीपुढं येऊन उभे राहिले. हललेच नाहीत. मला वाटलं, आनंदानं. मी पुढं झाले, माझ्या हातात अजून उलथनं.

"बघा," मी म्हटलं. "सगळं परत बसवलं. आणि आता आवाजसुद्धा येत नाही. रफीक, चालू करून दाखव."

रफीकनं गाडी चालू केली. शिवणाचं मशीन चालावं तशी गाडी घुरघुरली.

"शिनू हादा?" अर्बाब म्हणाले. हे काय आहे म्हणून. "लतीफ, हॉट रॉड किधर है?"

हे माझ्याकडे वळले. "काय केलंस गो?"

"तुमची नोकरी गेली ते मला कळलंय," मी मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगितलं. "लाजू नका. मी डबे करीन. जमात आहे पाठीशी."

अर्बाबांना हिंदी चांगली येते, मराठी थोडी समजते. त्यांनी विचारलं, "नोकरी? किसका नोकरी?"

तेव्हा मागून सनाचा आवाज आला. "मम्मी, आय ट्राइड टू टेल यू."

मग मला सगळं समजावून सांगण्यात आलं. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, नको ते सगळं मुद्दाम काढून टाकायचं, छप्पर कापून बुटकं करायचं, इंजिन उघडं ठेवायचं आणि आवाज असा काढायचा की मेलेला उठावा. लोक त्यावर खोऱ्यानं पैसा ओततात. आमच्याकडे कुठला पैसा? म्हणून हे एक भाग काढून विकत होते आणि त्यातून दुसरा लागणारा घेत होते. मटण टायरांत गेलं. लवकर घरी येत होते कारण या गाडीसाठी अर्बाबच त्यांना लवकर सोडत होते. त्यांनी कबूल केलं होतं, गाडी झकास झाली, समुद्रावरच्या मेळाव्यात लोकांना आवडली, तर गॅरेजचा एक कोपरा लतीफचा, असल्या गाड्या बनवायला. आणि तो मेळावा त्याच संध्याकाळी होता.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. ओरडायची सवय कुठं जाते.

"छप्पर कापलं असं सांगितलं असतं तर तू मला कापलं असतंस. ईदचं कबूल केलं होतं ना," हे म्हणाले. "आणि लपवलं कुठं? गाडी दारातच होती. तू विचारलंस कुठं?"

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

अर्बाब बघता बघता हसायला लागले आणि हसता हसता आमच्या ओट्यावर बसले. पण यांचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या दिवसांची मेहनत आणि वर भिंतीचा रंग.

कासमचाचा उठले. बाह्या वर केल्या. "तोंडं काय बघताय एकमेकांची? बसवता येतं त्यांना काढता येतं. पाने उचला. यल्ला."

आणि ज्या हातांनी बसवलं त्याच हातांनी उलटं काम सुरू झालं. कुणी कुरकुर केली नाही. सुट्टीचा दिवस, भंगारातलं सामान आपल्या खिशातून आणलेलं, आणि एकही माणूस मला टोमणा मारायला थांबला नाही. टोमणे नंतर मारले, अजून मारतात. रंग ओला होता, रुखसाना आणि मी बादल्या घेऊन भिडलो. सना फडकी पिळून देत होती. अर्बाबांचे दोस्त थोब वर खोचून मडगार्ड उचलत होते. रफीकनं सायलेन्सर काढताना माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. मी म्हटलं, "बोल बाबा बोल, तुझा हक्क आहे." तो म्हणाला, "बिर्याणी झाली का भाभी?"

एका दारावरचा बिस्किटी पट्टा काही निघाला नाही. गाडी तशीच मेळाव्याला घेऊन गेलो. मी यांच्या शेजारी मान वाकडी करून बसले, आणि गाडीनं असा आवाज काढला की मी सगळ्या रस्त्याभर माफी मागत होते ती यांना ऐकूच आली नाही.

कोपरा मिळाला. मेळाव्यात लोकांनी विचारलं, दारावर हा पट्टा कसला. यांनी सांगितलं, "घरवालीची निशाणी." आता हे जी गाडी बनवतात तिच्या दारावर तो पट्टा मुद्दाम मारतात.

हसा, हसा. पण एक सांगते. परदेशात माणसाला रात्रंदिवस एकच भीती असते, उद्या नोकरी गेली तर? माझी ती भीती त्या दिवशी गेली. खरंच गेली नोकरी, तर कोण येणार, कुठलं बॉनेट घेऊन येणार, मला सगळं ठाऊक आहे. अल्ला त्या सगळ्यांना सुखी ठेवो.

आणि यांनी धडा काय घेतला म्हणाल, तर आता गाडीचा एक स्क्रू सोडवायचा झाला तरी हातात पाना घेऊन आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

"नोकरी आहे," म्हणतात. "काढू?"