बोटांची बाराखडी

पंचावन्नावं वर्ष लागलं तेव्हा मनाने मी निवृत्त झालोच होतो, शरीर तेवढं रोज कंपनीच्या बसने बोईसरला जात होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंग विभागाचा सुपरवायझर. गोळ्यांच्या पट्ट्या मशिनमधून बाहेर येतात, त्या तपासायच्या, खोक्यांत भरायच्या, खोक्यावरचा छाप बरोबर पडलाय का ते बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर मशिनचा आवाज जरा बदलला तरी पाठमोरा असतानाही मला कळायचं. आता नवीन शिकण्यासारखं काही उरलं नाही, राहिलेली वर्षं नीट ढकलायची, असं मी धरून चाललो होतो.

घरी पालघरला मी आणि बायको. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. आम्ही मूळचे वसईकडचे, पण वडील रेल्वेत होते, त्यांची बदली सफाळ्याला झाली आणि आम्ही इकडचेच झालो. चर्चमधली रविवारची मिस्सा, संध्याकाळची रोझरीची जपमाळ, ईस्टरआधीच्या तपस्याकाळातले उपवासाचे शुक्रवार यांतलं मी कधी काही चुकवलं नाही. पण प्रार्थनाही मी पॅकिंगसारखीच करत होतो. हातातले मणी सवयीने पुढे सरकायचे आणि मन दुसऱ्या दिवशीच्या बॅचवर असायचं.

त्याच वर्षी कंपनीने काही कर्णबधिर कामगार घेतले. त्यांतली एक जण माझ्या विभागात आली. तिशीची असेल, किनाऱ्यावरच्या कोळी घरातली. मुंबईच्या बाजूला वसतिगृहाच्या शाळेत राहून ती खुणांची भाषा शिकली होती, पण लिहिणं-वाचणं बेताचंच. पहिल्या दिवशी तिची आई सोबत आली होती. गेटवर तिने मला गाठलं आणि म्हणाली, "ही आयकत नाय, पन हिला समजते सगला. तुमी ओरडू नका. हिच्या समोर उभे राहा, मंग बोला."

काम दाखवून शिकवता येतं, त्यामुळे सुरुवातीला काही अडलं नाही. तिचा हात झटपट चालायचा आणि नजर पक्की होती. मी अंगठा वर केला की ती हसायची, आणि आमचं बोलणं तिथेच संपायचं.

मग एकदा आगीचा सराव झाला. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून मैदानात जमायचं, एवढाच कार्यक्रम. सराव आहे हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. तिला शेजारच्या बाईने हाताला धरून बाहेर आणलं. मैदानात आल्यावर ती एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. मी तिला समजवायला गेलो. कागदावर ज्वाळा काढल्या, तर ती धूर शोधायला वळली. ज्वाळांवर फुली मारली, तर तिचा चेहरा पडला. मी हातवारे केले, तोंडाने सावकाश बोललो, पुन्हा चित्र काढलं. शेवटी तिने हातांनी भराभर काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मला काहीच उमगत नाही हे बघून ती भिंतीला टेकून खाली बसली. पाळी सुटेपर्यंत तिने काम केलं, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई पुन्हा गेटवर आली. "हिला वाटला कंपनी बंद पडली," ती म्हणाली. "सगल्यांना काडून टाकला. घरी येऊन रडत बसली. जेवली पन नाय."

आईने तिला समजावलं होतं, आता ती ठीक होती. तरी माझ्या मनातून ते जाईना. सरावच होता, एवढा एक शब्द मला तिच्यापर्यंत पोचवता आला नव्हता.

पुढच्या काही रविवारांत एकदा मिस्सेला बायबलमधलं ते वाचन आलं, येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणतात ते. लहानपणापासून ऐकलेलं. आजवर माझं लक्ष नेहमी त्याला ऐकू येऊ लागतं त्या चमत्काराकडे जायचं. त्या दिवशी मी आधीच्या गोष्टीवर अडलो. येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांना, जिभेला स्पर्श करतो. मला वाटलं, ज्याला ऐकू येत नाही त्याला त्याच्या भाषेत आधी सांगून घेतोय, आपण काय करणार आहोत ते.

मिस्सा झाल्यावर मी फादरना गाठलं आणि विचारलं की ही भाषा या वयात शिकता येते का, आणि कुठे. पालघरमध्ये एका शाळेच्या खोलीत रविवारी दुपारी वर्ग चालतो, कर्णबधिर मुलांच्या आईबापांसाठी, असं त्यांनी सांगितलं.

"माझं मूल कर्णबधिर नाही," मी म्हणालो.

"मग तसं सांगा त्यांना," फादर म्हणाले. "हाकलून देणार नाहीत."

वर्गात मी सगळ्यांत म्हातारा. बाकी बहुतेक तरुण आया, कुणी माकुणसारहून आलेली, कुणी बेटेगावची. शिकवणाऱ्या बाई स्वतः कर्णबधिर. वर्गात तोंडाने बोलायला बंदी. पहिले काही रविवार मी घामाघूम होऊन घरी यायचो. आयुष्यभर लोकांना सूचना देत आलेला माणूस, आणि इथे पहिलीतल्या पोरासारखं चुकायचं. उजव्या हाताची करंगळी जुन्या दुखापतीमुळे नीट वाकत नाही, त्यामुळे माझी अक्षरंच बोबडी निघायची. मी आरशासमोर उभा राहून सराव करत असलो की बायको दारातून बघत राहायची. एकदा म्हणाली, "लग्नात सुद्धा एवढी तयारी केली नव्हती तुम्ही."

बाईंनी आम्हाला वडिलांची खूण शिकवली, बोटांनी मिशीला पीळ दिल्यासारखी. त्या संध्याकाळी रोझरी म्हणताना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रभूची प्रार्थना आली आणि मला वाटलं, ही हातांनी म्हणून बघावी. पहिल्याच शब्दाला थांबलो. स्वर्गातल्या बापालाही मिशी द्यायची का? मला हसू आलं. मग माझे वडील आठवले. सफाळ्याच्या स्टेशनवरून ड्युटी संपवून घरी यायचे, दारातच टोपी काढायचे, आणि त्यांची ती झुपकेदार मिशी. मी खूण केली, आणि पुढचा शब्द आठवत बसलो. त्या एका प्रार्थनेला किती तरी वेळ लागला. कितीतरी वर्षांत प्रथमच त्यातला प्रत्येक शब्द मी कुणाला तरी उद्देशून म्हणत होतो.

कारखान्यात तिला कळलं की मी शिकतोय, तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझी परीक्षा सुरू झाली. मी चुकलो की ती हसायची, मग माझी बोटं धरून सरळ करायची. हळूहळू आम्ही बोलू लागलो. भावाची होडी, वहिनीचा स्वभाव, माझी मुलगी. भोंग्याबरोबर एक लाल दिवाही लुकलुकावा, ही सूचना तिचीच. मी ती वरच्या साहेबांकडे नेली आणि दिवा बसला.

एकदा तिने माझ्या गळ्यातल्या क्रुसाबद्दल विचारलं. मोडक्यातोडक्या खुणांनी मी तिला ती बहिऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत लक्ष दिलं, मग विचारलं, "त्याला आधी विचारलं होतं का, तुला ऐकायचंय का म्हणून?"

 घरी जाऊन मी तो भाग पुन्हा वाचला. लोक त्याला घेऊन येतात, लोकच विनवणी करतात. तो माणूस स्वतः काय म्हणाला ते कुठेच नाही. फादरना विचारलं, तर ते म्हणाले की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. मी तिला तसंच सांगितलं, की आम्हाला दोघांनाही माहीत नाही. तिला ते उत्तर आवडलेलं दिसलं. माझं म्हणाल तर, श्रद्धा आहे म्हणजे प्रत्येक प्रश्नाला उत्तर हवंच, हे ओझं त्या दिवशी माझ्या खांद्यावरून थोडं उतरलं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी ऑफिसातून मला बोलावणं आलं. तिच्या भावाचा फोन होता. आई बोंबील वाळत घालत असताना खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेण्याआधीच संपलं होतं.

ऑफिसातले अधिकारी भले गृहस्थ. ते म्हणाले, "तिला नुसतं गाडीने घरी पाठवू. घरचे सांगतील."

मी म्हणालो, "रस्ताभर ती काय काय कल्पना करत बसेल? मी सांगतो."

मी मशिनपाशी गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिथे कुणी नव्हतं. समोर उभा राहिलो. आईची खूण केली, मग मरणाची. ती खूण मी वर्गात शिकलो होतो, 'बाजार' आणि 'पाऊस' यांच्या मध्ये कुठेतरी, सगळ्या खुणांसारखीच एक.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी नेहमी चुकायचो ना, तिला वाटलं आजही चुकलो. तिने मान हलवली आणि हळुवारपणे, जशी रोज सुधारायची तशी, मला बरोबर खूण करून दाखवली. आजारी. आई आजारी.

मी नाही म्हटलं, आणि तीच खूण पुन्हा केली.

मग तिला कळलं. ती भिंतीला धरून उभी राहिली. मी हात खाली घेतले. काही वेळाने तिने काहीतरी विचारलं, ते मला समजलं नाही. पुन्हा सांग म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, पाणावलेल्या डोळ्यांनी, पण बोटं स्पष्ट ठेवून, कारण समोर मी होतो. कुणी जवळ होतं का, असं ती विचारत होती. मी तिथूनच तिच्या भावाला फोन लावला आणि विचारलं. वहिनी जवळ होती, आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं, ती पाणी पाजत होती. मी ते सगळं एक एक करून हातांनी सांगितलं. मांडी, डोकं, पाणी. ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि मग रडली.

तिच्याबरोबर मी गेलो. अंगणात बायका जमलेल्या, मोठ्याने रडत होत्या. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, ती फक्त उघडलेली तोंडं बघत होती. भाऊ माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "तिला इचारा, आईला पानी घालायला पुडं येते का. एवडं आमाला सांगता येत नाय." मी विचारलं. ती पुढे गेली. मी एका कडेला उभा राहिलो. त्यांचे विधी वेगळे, मला त्यांतलं फारसं ठाऊक नाही. मला येत होती ती प्रार्थना मी म्हटली, हात कमरेशी ठेवून, बोटांनी, कुणाला दिसणार नाही अशी. तिला मात्र दिसली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आईकडे वळली.

तेरावं झाल्यावर ती कामावर परतली. बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही नुसते शेजारी बसून जेवायचो. मग एकदा तिने मला एक खूण केली जी वर्गात कधी पाहिली नव्हती. तळहात तिरका, बोटं थरथरती. मला कळेना. तिने समजावलं की ही ओहोटीची खूण, आईची आणि तिची, शाळेत जायच्या आधीपासूनची. अशा पुष्कळ होत्या. बोंबलाची वेगळी, पापलेटाची वेगळी, वहिनी रागावलीय याची वेगळी. भावाला काही येतात, सगळ्या नाही. त्यानंतर ती मला त्या शिकवू लागली. त्या कुठल्या शाळेत उपयोगी पडणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मागच्या नाताळनंतर फादरनी मला विचारलं की मिस्सेला मी पुढे उभा राहून खुणांनी सांगेन का. आमच्याच चर्चमधले दोघं भाऊ-बहीण कर्णबधिर आहेत, चाळिशीचे. वर्षानुवर्षं ते मागच्या बाकावर बसत, सगळे उभे राहिले की उभे राहत. मी त्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला हवंय का. त्यांनी हो म्हटलं, आणि पुढच्या रविवारी ते पहिल्या बाकावर येऊन बसले.

 पहिल्या दिवशी वाचनं कशीबशी पार पडली, कारण ती आदल्या आठवड्यात घोकली होती. प्रवचनाला मात्र मी बुडालो. फादर भरभर बोलतात. दोन-चार वाक्यं मागे पडलो, मग धागाच सुटला. मी थांबलो आणि खरं ते सांगितलं, की माझ्या हातून निसटलं, पुढचं मला सांगता येणार नाही.

बहिणीने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू द्या," तिच्या हातांनी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

मागे फादर बोलत होते. मला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. मी हात वर उचलले आणि सांगायला सुरुवात केली.