हार्ड डिस्कच्या तोंडाला हळद

देवीवर माणसानं चिडावं की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र चिडले होते, आणि चांगलीच चिडले होते, हे आधीच सांगून टाकते. चूक माझीच होती. पण ती तिच्याच पूजेत झाली होती, त्यामुळे भांडायला मला दुसरं कोणी सापडलं नाही.

कुरखेड्याला आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. नवरा कॅमेरा धरतो, मी घरी बसून एडिटिंग करते. खंडेनवमीला शेतकरी नांगर-विळ्याची पूजा करतो, तशी आम्ही कॅमेरा, लॅपटॉप आणि सगळी लग्नं जिच्यात साठवतो ती हार्ड डिस्क पाटावर मांडतो. कॅमेऱ्याला टिळा कुठं लावायचा ते कळतं. हार्ड डिस्क म्हणजे नुसती काळी सपाट वडी, तिला ना कपाळ ना डोळा. मी विचार केला, वायर घालतात तेच हिचं तोंड. तिथंच ओल्या हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं आणि वरून पाणी शिंपडलं. पूजेतल्या वस्तूला आमच्याकडे दसरा होईपर्यंत कामाला लावत नाहीत, म्हणून ती तशीच पाटावर राहिली आणि हळद आत जाऊन वाळली. दसरा झाल्यावर वायर जोडली तर दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. लॅपटॉप विचारायला लागला, डिस्क फॉरमॅट करायची का? नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तिच्या तोंडाले हळद फासाले तुले कोनं सांगतलं होतं?"

बाकीची लग्नं देऊन झाली होती. राहिलं होतं ते वैशालीचं. तिच्या माहेरचे लोक तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची शेती करणारे. आमच्या भागात लग्नाचा व्हिडिओ दिवाळीला देतात, लेक माहेरी आली की सगळं घर मिळून बघतं. पण वैशालीचं लग्न झालं आणि पावसाळ्यात तिचे वडील छातीत कळ येऊन गेले. शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डावरून हार्ड डिस्कमध्ये घेतलं की आम्ही कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरतो, त्यामुळे जे होतं ते त्या डिस्कमध्येच होतं. तिचा फोन आला. ती हळूच म्हणाली, "ताई, बाबाचा फोटो आहे आमच्याजवळ. आवाज नाई कुठीच. तुमच्याजवळ आहे ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले असंही नाही, कारण तो होताच, फक्त दार उघडत नव्हतं.

मग माझी वणवण सुरू झाली. कुरखेड्याचा दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करून देतो, एकदम नवी होईल. नवी घेऊन मी काय करू? गडचिरोलीच्या दुकानात एकानं ती कानाशी नेऊन हलवून पाहिली, नारळ पाहतात तशी, आणि नागपूरला न्या म्हणाला. घरी आले की मी पुन्हा वायर जोडून बघायची. सकाळी जोडायची, स्वयंपाक करता करता जोडायची, देवाचं नाव घेऊन जोडायची. दर वेळी दिवा थोडा वेळ लागायचा आणि मला वाटायचं, आता होणार. आशा हीसुद्धा मोठी वैताग आणणारी गोष्ट आहे.

शेवटी कोणीतरी चंद्रपूरचं एक दुकान सांगितलं. एसटीनं धक्के खात पोचले तर दुकानाला कुलूप, घरी कार्य आहे म्हणून बंद. परतीच्या गाडीला वेळ होता, उन्हात उभं राहण्यापेक्षा महाकालीच्या देवळात जाऊन बसले. दर्शनाला म्हणून गेले नव्हते. डिस्क मांडीवर ठेवली आणि जे मनात होतं ते तोंडातून बाहेर पडलं. तुझीच पूजा केली ना मी? कोणाची लेक बापाचा आवाज मागतेय, तिला काय सांगू, देवीनं हळद मागितली? आजूबाजूला लोक आहेत याचं भानच राहिलं नाही.

बाजूला एक गृहस्थ बायकोसोबत प्रसाद खात बसले होते. ते म्हणाले, "ताई, देवीवर काऊन चिडून राह्यल्या?" मी त्याच रागात सगळं सांगितलं. त्यांनी डिस्क हातात घेतली, तोंडाशी वाळलेली हळद पाहिली, हसले नाहीत. "जोडून पाहून राह्यल्या का रोज?"

"मंग काय करू?"

"आता जोडू नका. जितकी जोडाल तितकी मरते ते. तिच्यावरून हात काढा." ते कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होते. म्हणाले, ठेवून जा माझ्याजवळ, जमेल तसं उतरवतो, होईल की नाही सांगता येत नाही, आणि रोज फोन करू नका.

अनोळखी माणूस, दूरचं गाव, आणि दुसरी प्रत जगात कुठंच नाही. शहाण्या माणसानं दिली नसती. मी दिली, आणि ती श्रद्धेनं नाही, कंटाळून दिली. देवीकडे बघून म्हटलं, घे बाई, आता तूच बघ. घरी नवऱ्यानं विचारलं, कोणाला दिली? तेव्हा ध्यानात आलं की मी नावही विचारलं नव्हतं. मोबाइलमध्ये नंबर 'महाकाली कोरपना' म्हणून ठेवला होता. त्यावर नवरा जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तरी त्या रिकाम्या दिवसांत मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. जोडायला काही उरलं नव्हतं. इतके दिवस मी देवाला हाक मारत होते आणि हातानं मात्र वस्तू सोडत नव्हते. समर्पण म्हणजे फार मोठी भक्ती लागते असं मी कीर्तनात ऐकलं होतं. माझं तर थकव्यातून झालं, आणि देवीनं ते चालवून घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. वरची पेटी बदलली, आतली हळद साफ केली, वाचता आलं तेवढं हळूहळू उतरवलं. बरंच गेलं होतं. हार घालण्याचा भाग गेला, सात फेरे गेले, पाठवणी गेली. उरलं ते पंगतीचं शूटिंग. पेन ड्राइव्ह एसटीनं आला. ते गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत, पण संध्याकाळी दिवा लावताना देवीच्या आधी त्यांची आठवण येते, आणि देवीला त्याचा राग येत नसावा.

वैशाली सकाळच्या गाडीनं आली. काय काय गेलं ते मी आधीच सांगितलं, ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. पडद्यावर तिचे वडील खांद्यावर दुपट्टा टाकून पंगतीतून फिरत होते, "वाढा, बाप्पा, पोटभर वाढा," म्हणत होते. मग कॅमेऱ्याच्या मागं कुठंतरी नवरी उभी असावी. त्यांनी तिकडं पाहिलं आणि विचारलं, "वैशे, जेवली का तू?"

माझ्या खोलीत, खुर्चीवर बसलेली वैशाली म्हणाली, "नाई, बाबा."

मी उठले. देवीला हात जोडायचे होते, पण आधी वैशालीसाठी ताट वाढायला घेतलं.