उपहाराचं पान

तुम्ही पेपर विकत घेऊन वाचता, की कुणीतरी ग्रुपवर ढकललेला फुकटचा पीडीएफ वाचून देशाची काळजी करता? आमच्या घराने तिसरा मार्ग शोधला. आम्ही पैसे भरले आणि पेपर वाचलाच नाही.

आमची कोलकात्यातली, बालीगंजची इमारत जुनी आणि तिच्यातले वाचक एकजात फुकटे! खालच्या मजल्यावरचे विश्वासबाबू (हे आडनाव आहे, मराठी माणूस इथेच फसतो) रोज सकाळी इथल्या बंगाली पेपरचा चोरीचा पीडीएफ इमारतीच्या ग्रुपवर टाकायचे. मी पडले बँकेच्या युनियनमध्ये हयात घालवलेल्या बापाची मुलगी. अक्षरं शिकले तीच मोर्च्यांच्या पत्रकांवरून. मला हे सहन कसं व्हावं? लिफ्टशेजारी मी पत्रक डकवलं : 'फुकट बातमी ही गुलामांची बातमी! डिजिटल वर्गणी भरा, पत्रकारिता जगवा!' ग्रुप सोडला. झाडं वाचावीत म्हणून घरी येणारा छापील अंकही बंद केला. क्रांती आपल्या घरापासून (म्हणजे बाबांच्या चहासोबतच्या पेपरापासून) सुरू करायची असते.

वर्गणी भरायला बसले. शेजारी आई भेंडी चिरत होती. मी बंगाली बोलते फर्डं, पण वाचते अडखळत, दुकानांच्या पाट्यांपुरतं.

"आई, इथे 'उपहार' असा चौकोन आहे. खूण करू?"

"कर की! खाण्याचं पान असणार. आपल्या मंडळाच्या पत्रिकेत नसतं का, 'कार्यक्रमानंतर उपहार'?"

"कुणाला पाठवायचं म्हणतायत. नंबर हवाय."

"विश्वासांच्या माशिमांचा दे. माझा फोन भरलाय. त्या वाचतील, आम्ही दोघी मिळून करू."

माशिमा म्हणजे विश्वासबाबूंच्या सौभाग्यवती. दिला नंबर, भरले पैसे!

दुसऱ्या दिवशी माशिमांनी डबाभर संदेश पाठवले. "बघ," आई म्हणाली, "पान चांगलं दिसतंय!"

माझ्या फोनवर मात्र एकच ओळ : आपण आमचे ग्राहक नाही. हेल्पलाइनला झापलं.

"वर्गणी चालू आहे, मॅडम. रोज पहाटे अंक उघडलाही जातो."

"कोण उघडतं?"

"ग्राहक!"

आता हे घरी कोण कबूल करणार? बाबा विचारायचे, "काय म्हणतोय आजचा पेपर?" मी म्हणायचे, "परिस्थिती गंभीर आहे, बाबा!" (हे कधीच खोटं ठरत नाही.)

आणि एका रविवारी विश्वासबाबू धापा टाकत वर आले. "दादा! तुमची चिठी छापलीय! दारुण लिहिलंय!" (घाबरू नका, बंगालीत ही शाबासकी असते.)

बाबा निवृत्तीपासून संपादकांना पत्रं लिहीत होते आणि संपादक ती निवृत्तीपासून छापत नव्हते. हे पहिलंच! शीर्षक : 'बर्गी आता काय करतात?' बंगालमध्ये अजूनही मुलांना झोपवताना मराठा घोडेस्वारांची, म्हणजे बर्गींची भीती घालतात. बाबांनी लिहिलं होतं, आमच्यासाठी तुम्ही बागबाजारला खंदक खणलात. आता आम्ही घोडा सोडून ऑटोच्या रांगेत उभे राहतो आणि सुट्ट्या पैशांसाठी आम्हीच ओरडा खातो.

बाबा कात्री घेऊन आले. "उघड पेपर. कात्रण फ्रेम करायचंय."

मी फोन उघडला. आपण आमचे ग्राहक नाही.

"विश्वासबाबू," मी कशीबशी म्हणाले, "तुम्ही कुठे वाचलंत?"

"डिजिटल एडिशनमध्ये! तूच नाही का उपहार दिलास?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बंगालीत उपहार म्हणजे भेट! (खाण्याचा तो उपाहार, त्याचा काना आमच्या मंडळाच्या पत्रिकेने खाल्लेला.)

"तुझं पत्रक वाचून मला फार लाज वाटत होती गो," ते गहिवरले. "आता चोरी बंद! रोज तुझ्या वर्गणीतला अस्सल पीडीएफ काढतो आणि ग्रुपवर टाकतो. अक्षर काय स्वच्छ!"

म्हणजे अख्ख्या इमारतीची फुकटेगिरी आता माझ्या खर्चाने चालली होती!

बाबांनी विश्वासबाबूंच्या फोनवर पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसला. मग कात्री उचलून फोनकडे पाहत म्हणाले, "कापायचं कुठून?"

"प्रिंट काढते ना, बाबा! अगदी तस्संच दिसेल."

"प्रिंट तर माझ्या बिनछापल्या पत्रांचीही निघते! पेपरात आलं म्हणजे कात्रण उलटल्यावर मागे बनियनची अर्धी जाहिरात दिसली पाहिजे!"

मी धावले. स्टॉलवरचे अंक संपलेले. इमारतीत दारोदार फिरले. छापील अंक कुणाकडेच नाही! फुकट्यांनी तो कधी घेतलाच नव्हता आणि घेणारं एकमेव घर मी बंद पाडलं होतं. रद्दीवाला तर म्हणाला, "दीदी, तुमच्या बिल्डिंगकडे मी येणंच सोडलंय."

फ्रेम आणली आहे. रिकामी लटकते आहे. बाबा येता-जाता तिच्याकडे बघतात आणि नंतर माझ्याकडे.

म्हणून ही विनंती. कोलकात्यात राहत असाल, तर आजच स्वयंपाकघरातले डबे उचलून खाली अंथरलेले कागद तपासा. 'बर्गी आता काय करतात?' दिसलं, तर मागची बनियनसुद्धा सांभाळून आमच्याकडे पोचवा. तेलाचे डाग चालतील. फक्त मोबाइलवर फोटो पाठवू नका. आमच्या घरात 'डिजिटल' हा शब्द उच्चारायची मला बंदी आहे!