फ्रेंचची खळ वाळत नाही

बाइंडरकाकांच्या दुकानात जर्मन पुस्तक दोन दिवसांत बांधून व्हायचं आणि फ्रेंच पुस्तक महिनाभर अडकून पडायचं. भाषाशाळेचे ग्रंथपाल दर वेळी कारण विचारत, आणि काका मान वर न करता सांगत, चिकटवायची खळ वाळली नाही. एकदा कंटाळून ग्रंथपालांनी विचारलंच, "अहो, एकाच पातेल्यातली खळ ना? मग ती काय भाषा बघून वाळते?" त्यावर काकांनी हवेतल्या ओलाव्यावर असं काही भाषण ठोकलं, की छत्री आणली नाही म्हणून बिचारे ग्रंथपाल घाईघाईने परत गेले.

खरं कारण फक्त काकूंना ठाऊक होतं. हा माणूस फ्रेंच पुस्तक शिवता शिवता वाचायचा. सुरुवात झाली बालवर्गाच्या चित्रांच्या पुस्तकापासून. पानं क्रमाने लागली का बघताना चार शब्द डोक्यात शिरले ते काही केल्या बाहेर निघेनात. वीस वर्षांत गडी थेट प्रगत वर्गापर्यंत पोचला, तोही एकाही तासाला न बसता. जेवताना क्रियापदं चालवायची नाहीत, एवढीच काकूंची अट होती.

एके दिवशी फ्रेंचच्या बाई ग्रंथालयातली पाच वापरलेली पुस्तकं छातीशी धरून दुकानात आल्या. चेहरा पार उतरलेला. प्रगत वर्गात दर वर्षी डझनभर लोक बसत आणि सत्र संपेपर्यंत तिघे उरत. यंदा तर नावंच अकरा आली होती. याही वेळी गळती लागली तर वर्ग कायमचा बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. म्हणून पुस्तक नव्याने निवडायचं होतं, आणि ही पाच चाळून चाळून बाईंचं डोकं उठलं होतं. यातली कोणती बांधणी वर्षभर टिकेल, तेवढं काकांनी सांगावं, मजकुराचं त्या बघून घेतील.

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. वर्ग बंद म्हणजे वरच्या पातळीची पुस्तकं यायचीही बंद. मग काय, जन्मभर बालवर्गातली मांजरं वाचायची?

त्यांनी पहिलं पुस्तक मिटून उभं धरलं आणि पानांची कड बाईंना दाखवली. चाळिसाव्या पानापर्यंत बोटं लागून मळलेली, पुढे कोरी करकरीत. मंडळी कुठून पळाली ते तिथे दिसतच होतं. दुसऱ्यातून साठाव्या पानाला पळाली होती, आणि तिसऱ्यात तर प्रस्तावनेतच सगळे गारद. चौथ्या सडपातळ पुस्तकाकडे कोणी फिरकलंच नव्हतं. पाचवं म्हणजे उशीएवढं जाड व्याकरण, आणि ते मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलेलं. बाईंना हायसं वाटलं. ठरलं तर, हेच वर्गाला लावायचं, म्हणत त्या उठल्यासुद्धा.

काका गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. पण ते व्याकरण लावलं तर आठवड्याभरात वर्ग ओस पडणार, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"बाई, थांबा. ते डाग विद्यार्थ्यांचे नाहीत," ते म्हणाले. "ती खळ आहे, माझ्या अंगठ्याची. मी ते तीनदा वाचलंय."

बाई होत्या तिथेच खाली बसल्या. आता अब्रू गेलीच आहे म्हटल्यावर काकांनी सगळंच सांगून टाकलं. व्याकरण अडलं तर उघडायला बरं, रोज घेऊन बसायला नाही. पहिल्यात पानोपानी मंत्र्यांची भाषणं. दुसऱ्यात सरावाची उत्तरंच दिलेली नाहीत, मग एकट्याने अभ्यास करणाऱ्याने आपलं चुकलं की बरोबर हे विचारायचं कोणाला? तिसऱ्याबद्दल बोलायलाच नको. चौथं घ्या, ते तर मी हात धुऊन वाचलंय. त्यात शेजाऱ्यांची भांडणं आहेत, संपादकांना लिहिलेली चिडकी पत्रं आहेत, मागे उत्तरं आहेत आणि सोबत ऐकायच्या तबकड्याही आहेत म्हणे. तबकड्या काही काकांनी ऐकल्या नव्हत्या. बांधायला नुसतं पुस्तकच येतं.

बाईंनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. काकांना ते कळेना, म्हणून त्यांनी पुठ्ठा पुढे केला. बाईंनी प्रश्न लिहिला. काकांनी तोंडी उत्तर दिलं, छापतात ते प्रत्येक अक्षर, फ्रेंच माणूस गिळतो तीसुद्धा, इमानाने उच्चारून. बाईंना एक शब्द कळेल तर शपथ! शेवटी काकांनी उत्तरही पुठ्ठ्यावरच लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, तरी चूक सापडेना.

"बारावं नाव तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या बाकावर बसायचं. मी तुम्हाला बोलायला शिकवते."

वीस वर्षं काकांचं तोंड बंद ठेवायला झटलेल्या काकूंनी आतल्या दारात कपाळाला हात लावला.

सत्र संपल्यावर शाळेतून अकरा सडपातळ पुस्तकं दुरुस्तीला आली. काकांनी एकेक मिटून उभं धरलं. दोन निम्म्यापर्यंत मळलेली होती आणि नऊ शेवटच्या पानापर्यंत. खळीचा डाग एकावरही नव्हता. काका बराच वेळ ती नऊ पुस्तकं हाताळत बसले. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी काकूंना सांगितलं, सुई बोटाला लागली.

दुसऱ्याच दिवशी अकराही फ्रेंच पुस्तकं बांधून शाळेत पोचली. ग्रंथपाल चरकलेच.

"काका, तब्येत बरी आहे ना?"